विषारी वावराचा सरवा

ज्या जमिनीत शिसं मुरलं आहे, जिच्यातलं कणीस कोंबडीपुढेसुद्धा टाकू नका असं शिकले-सवरलेले लोक येऊन सांगून गेले आहेत, अशा जमिनीचा तुम्ही कधी हेवा केला आहे का?

मी केला आहे. एखाद्या दिवसापुरता नाही, हंगामामागून हंगाम.

ती जमीन माझ्या मैत्रिणीची. चांदूर रेल्वेच्या अलीकडे आमचं गाव, गावाबाहेर नाला, नाल्याच्या खालच्या काठाला तिचं वावर आणि वरच्या काठाला आमचं. नाला एवढासाच की उन्हाळ्यात बकरी उडी मारून पलीकडे जाते. त्या एवढ्याशा अंतरानं तिच्या वाट्याला विष आलं आणि आमच्या वाट्याला बोंडअळी. आणि मी आमच्या पऱ्हाटीतली, म्हणजे कपाशीतली, किडकी बोंडं तोडता तोडता पलीकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, ते विष आमच्याकडे का नाही आलं?

हे वाचून तुम्हाला मी वेडी वाटेन, तर आधी विष कसं आलं ते सांगते.

नाल्याच्या वरच्या अंगाला, डांबरी रस्त्याला लागून, पत्र्याचं एक शेड होतं. तिथं जुन्या बॅटऱ्या फोडायचे आणि आतलं शिसं वितळवायचे. मालक कुठला, त्याचं नाव काय, गावात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. शेडमागे राखेचे ढीग असायचे. पावसाळ्यात ते ढीग नाल्यात उतरायचे, आणि नाला फुगला की पाणी पसरायचं ते खालच्या काठावर, म्हणजे तिच्या वावरात. आमचा काठ उंच, म्हणून आम्ही वाचलो. तिच्या म्हशीचं वगार एका जागी गोल गोल फिरायला लागलं, डोळ्यांनी दिसेना झालं आणि मेलं. जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, हे चरत कुठं होतं? तिथून माती तपासायला गेली, आणि मातीत शिसं निघालं. तोवर शेडचे पत्रे उचलून मालक पसार झाला होता. सिमेंटचा ओटा तेवढा उरला. तो अजून आहे.

आता माझं सांगते. मी बौद्धवाड्यातली. माझे बाबा म्हणजे पत्रकांचा माणूस. भूमिहीनांच्या सभा, मोर्चे, धरणी, सगळ्यांची पत्रकं ते लिहायचे आणि अमरावतीहून छापून आणायचे. आमचं नाल्यावरचं वावरसुद्धा अशाच एका लढ्यातून मिळालेलं गायरान. घरात उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे असायचे, पिवळे, गुलाबी, हिरवे. माझ्या शाळेच्या पुस्तकांना त्याच कागदांची कव्हरं. मी वाचायला शिकले ती त्या कव्हरांवर. ‘जाहीर’ हा शब्द मला स्वतःच्या नावाच्या आधी लिहिता यायला लागला, असं आई अजून सांगते.

तेव्हा शेडच्या विषाबद्दल पहिलं पत्रक मीच काढलं हे सांगायला नको. शेड चालू होतं, राख नाल्यात उतरताना डोळ्यांना दिसत होती, तेव्हाच काढलं. अमरावतीच्या एसटी स्टँडवर वाटलं. अकोल्यात जठारपेठेत माझी मावशी राहते, तिच्याकडे मुक्काम करून तिथंही वाटलं. लोक घडी घालून खिशात ठेवायचे. दुसऱ्या दिवशी तिथल्याच एका दुकानदारानं माझ्याच पत्रकात मुरमुरे बांधून दिले, ते मीच विकत घेतले होते. अधिकाऱ्यांच्या दारात बसलो, निवेदनं दिली. कुणी ओरडलंसुद्धा नाही आमच्यावर.

आणि मग माझी मैत्रीण पुढे झाली.

ती आणि मी पहिलीपासून एका वर्गात. तिचे अब्बा धामणगावला गाद्या-रजया भरायचा धंदा करतात, पहाटे जातात ते संध्याकाळी कापसाच्या तुसानं पांढरे होऊन येतात. शेती ती आणि तिची अम्मी बघायच्या. तिनं शेतीची पदविका केली होती. पत्रक म्हणून तिनं आयुष्यात कधी एक ओळ लिहिली नाही. माझी पत्रकंही ती वाचायची नाही, घडी करून पर्समध्ये ठेवायची आणि म्हणायची, तू लिहिलं म्हणजे बरोबरच असन.

कृषी महाविद्यालयातले एक सर तिला भेटले. ज्या जमिनीत खाण्याचं पीक घेता येत नाही तिथं गोड धांड्याची ज्वारी घ्यायची, धांड्याचा रस काढायचा, तो आंबवून स्पिरिट काढायचं आणि ते पेट्रोलमध्ये मिसळायला द्यायचं, असा त्यांचा प्रयोग होता. कणसंही त्यातच जायची. शिसं स्पिरिटबरोबर वर चढत नाही, खाली चोथ्यात आणि गाळात राहतं, आणि तो चोथा वेगळा पुरून ठेवायचा. प्रत्येक पिकासोबत जमिनीतलं थोडं थोडं विष बाहेर निघतं, असं सर म्हणायचे. किती थोडं, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी चिमूट दाखवली.

अट एकच होती. त्या वावरातलं काही पोटात जाता कामा नये. दाणा नाही, धांडा नाही, कडबा नाही, माणसाच्या नाही, जनावराच्या नाही. एक टोपलं जरी बाहेर गेलं तर प्रयोग बंद. आणि प्रयोग बंद म्हणजे काय ते तिला चांगलं माहीत होतं. त्या वावराला दुसरं काम उरलंच नव्हतं. वीटभट्टीवाला टपून बसला होता. वरची माती खरवडून न्यायला मिळाली की त्याला शिसं असो की सोनं असो. तिच्या अम्मीला त्या वावराशिवाय घरात बसवलं असतं तर ती आजारी पडली असती, हे मलाही माहीत होतं.

म्हणून तिनं होकार दिला. गावात लगेच नाव पडलं, दारूचं वावर. पानठेल्यावरच्या एका म्हाताऱ्यानं तिला अडवून विचारलं, काय वं, मुसलमानाची पोरगी अन् दारूची शेती?

“हे दारू मोटारी पेतात, चाचा,” ती म्हणाली. “तुमी मोटार असान तं सांगा, पाठवतो एक शिशी.”

सगळा पानठेला हसला. मीही हसले. हे वाक्य मला सुचायला हवं होतं.

ज्वारी आली ती अशी की बघत राहावं. आमच्याकडे पऱ्हाटी लाल पडलेली, बोंडांना भोकं, आणि नाल्यापलीकडे माणसाच्या डोक्यावरून जाणारी हिरवीगार रांग. गाड्या यायच्या. पाहुणे यायचे, बूट घालून धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालायचे. त्या वर्षांत वऱ्हाडात कॅमेरा यायचा तो कुणाच्या तरी तिरडीमागे. आमच्या गावातही आला होता, एका दारात उभा राहिला, आणि त्या घरातल्या बाईला त्यांनी पुन्हा एकदा रडायला सांगितलं होतं. मी त्यावर पत्रक काढलं होतं. पण माझ्या मैत्रिणीकडे कॅमेरा आला तो उभ्या पिकासाठी. तिनं ओढणी सारखी केली आणि ज्वारीत उभी राहून बोलली. मी आमच्या धुऱ्यावरून बघत होते. बोलली चांगली.

बाबासुद्धा त्या ज्वारीच्या नादी लागले. संध्याकाळी हात मागे बांधून नाला ओलांडायचे, तिची ज्वारी बघायचे, परत यायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. माझ्या पत्रकात त्यांना ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडायच्या, अर्धविराम सापडायचे, एकदा तर त्यांनी अख्खा परिच्छेद खोडला होता. तिच्या ज्वारीत त्यांना काही खोडायला मिळालं नाही.

अकोल्याला एका सभागृहात तिचं भाषण ठेवलं होतं. मी गेले. कशाला गेले माहीत नाही. मागच्या खुर्चीत बसले. भाषण संपल्यावर प्रश्न विचारा म्हणाले, तेव्हा मी उभी राहिले. ज्यानं ही जमीन नासवली त्याचं यात काय झालं? विष पिकवून त्याचं पेट्रोल केलं की त्याचा गुन्हा धुतला गेला का? आणि हे वावर असं हिरवं दाखवलं की उद्या दुसरा शेडवाला म्हणणार नाही का, की बघा, काही बिघडत नाही, उलट पीक येतं?

ती माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, तुह्यं बरोबर हाय. त्याले पकडा, कोर्टात उभा करा, मी साक्ष देतो. पन तो सापडेपर्यंत माह्या वावरानं रिकामं बसून काय करावं, हे मले सांग.

टाळ्या वाजल्या. माझ्या प्रश्नाला वाजल्या नाहीत, तिच्या उत्तराला वाजल्या. परत येताना आम्ही एकाच गाडीत होतो आणि मी बडनेऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

मी आजही म्हणते, माझा प्रश्न बरोबर होता. तो विचारताना माझं मन जळत होतं एवढ्यानं तो चूक ठरत नाही. शेडवाला मोकळा आहे. सिमेंटचा ओटा तिथंच आहे. ज्यानं विष टाकलं त्याचा खर्च शून्य, आणि ते चिमटीचिमटीनं उपसायचं काम एका पोरीच्या आणि तिच्या आईच्या अंगावर. हे मी लिहीत राहणार.

पण गोष्ट कापणीची आहे.

आमच्या भागात सरवा म्हणून एक रीत आहे. कापणी झाली, पेंढ्या उचलल्या, की वावरात जी कणसं पडलेली असतात, जी कापणाऱ्याच्या हातून सुटलेली असतात, ती ज्याला सापडतील त्याची. मजुरीच्या बाया ओटी खोचून वावरात शिरतात आणि वेचतात. मालकाला विचारायचं नाही, मालकानं अडवायचं नाही. ही भीक नव्हे आणि चोरीही नव्हे. बाबांनी एका पत्रकात लिहिलं होतं, सरवा ही दया नाही. माझी आत्या, बाबांची थोरली बहीण, आमच्याच अंगणात शेजारच्या खोलीत राहते. हिवाळ्याची तिची निम्मी भाकर सरव्यातून येते, आणि ती कुणापुढे हात पसरत नाही ते त्याच्याच जोरावर.

महाविद्यालयाच्या लोकांनी सगळा बंदोबस्त केला होता. धुऱ्यावर राखणदार, जनावरांसाठी काट्यांचं कुंपण, गाड्यांवर ताडपत्री. पहाटे शेवटची गाडी भरून निघाली आणि त्यांनी राखणदाराला घरी जायला सांगितलं. त्यांच्या दृष्टीनं वावर रिकामं झालं होतं. आमच्या बायांच्या दृष्टीनं ते त्याच घडीला उघडं झालं होतं. माझी मैत्रीण त्या शेवटच्या गाडीबरोबर अकोल्याकडच्या कारखान्यात गेली होती. तिला वाटलं राखणदार आहे. राखणदाराला वाटलं काम संपलं.

दुपारी चांदूरहून ती आणि मी योगायोगानं एकाच काळ्या-पिवळ्या जीपमधून उतरलो. गावाकडे वळलो, आणि लांबूनच दिसलं, तिच्या वावरात रंगीत लुगडी वाकलेली. ती धावत सुटली. मी मागे.

आत्या सगळ्यात पुढे होती, ओटी भरून सांडत होती. मैत्रिणीनं दम खात सांगितलं, आत्या, ते खाली टाका, ते खायचं नाही.

“काहून?” आत्या सरळ उभी राहिली. “तुह्या आज्यानं कदी अडवलं नाही. तुह्या बापानं नाही. तू शिकली तं सरवा बंद?”

तिनं सांगितलं, जहर आहे त्यात, मागेच सांगितलं होतं. म्हशीच्या वगाराची आठवण दिली. तेव्हा मागून एक जण म्हणाली, जहर असतं तं एवढी उंच ज्वारी आली असती काय वं? आमच्या गल्लीत कोनी जहर नाही टाकलं, तिथं गवत बी उगवत नाही. बाया हसल्या. आणखी कुणीतरी म्हणालं, मोटारीले पाजते अन् बाईले नाही देत. त्यावर जास्त हसल्या.

तिनं एकीच्याही ओटीला हात लावला नाही. लावताच येत नाही. सरव्याची ओटी रिकामी करणारा माणूस आमच्याकडे अजून जन्मायचा आहे. बाया तिच्या बाजूनं निघून गेल्या, कुणी मुद्दाम लांबून, कुणी मुद्दाम जवळून. ती तुटलेल्या खुंटांत उभी राहिली.

घरी आले तर आत्यानं अंगणात पोत्यावर कणसं वाळत घातली होती. टपोरी, पांढरी. मी तिच्यासमोर बसून सगळं समजावून सांगितलं, शिसं म्हणजे काय, लेकरांच्या डोक्यावर त्याचा काय परिणाम होतो. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, तू हे अकोल्याले वाटून आली. अमरावतीले वाटून आली. या वाड्यात कोन्या बाईले बोलली काय? मी म्हणाले, वाचून दाखवलं असतं तर ऐकलं असतंस का? ती म्हणाली, वाचायचं कायले, तोंड नाही काय तुले? आणि कणसं झाकून ठेवली, टाकली नाहीत. निवडून-पारखून ठरवीन म्हणाली.

मी आत गेले आणि लिहायला बसले. खरं सांगते, पेन इतकं सुंदर कधी चाललं नव्हतं. विषारी ज्वारी गावात पोचली. राखणदार काढला कुणी? प्रयोगाच्या नावाखाली गरिबांच्या पोटात शिसं. प्रत्येक ओळ खरी होती. हे पत्रक निघालं असतं तर तिचा प्रयोग आठवड्यात बंद झाला असता, पाहुण्यांच्या गाड्या थांबल्या असत्या, आणि नाल्यापलीकडे वीटभट्टीवाल्याचा ट्रॅक्टर उभा राहिला असता. मला ते दिसत होतं. माझं तत्त्व आणि माझी जळजळ, दोन्ही एकाच पेनातून एकाच शाईनं उतरत होती, आणि कोणती ओळ कुणाची हे मला सांगता आलं नसतं.

दिवेलागणीला ती आली. अंगणातली पोत्याखालची कणसं तिनं पाहिली. आत आली, माझ्या समोरचा कागद तिनं उलट्या बाजूनं वाचला. शाळेत माझ्या उत्तरपत्रिका ती अशाच वाचायची.

“हे छापू नको म्हनाले नाही आली मी,” ती म्हणाली. “सरांले फोन केला. सगळं सांगून टाकलं. उद्या येऊन राहिले ते.”

मला तिचा जेवढा राग तेव्हा आला तेवढा कधीच आला नव्हता. ज्वारी तिची, कॅमेरा तिचा, टाळ्या तिच्या. खरं बोलायचं काम तरी माझं होतं. तेही तिनंच आधी करून टाकलं, आणि तेसुद्धा स्वतःच्या विरुद्ध.

सर दुसऱ्या दिवशी आले. चांगले होते, ओरडले नाहीत. म्हणाले, गेलेली सगळी कणसं परत आली पाहिजेत, नाहीतर मला हा प्लॉट बंद करावा लागेल. बायांना भाव देऊ, तराजू आणतो. बाया आमच्या अंगणात जमल्या होत्या. आत्या म्हणाली, सरवा इकत नसतेत, साहेब. सरांना वाटलं भाव वाढवून हवा आहे. त्यांनी वाढवला. बाया उठून जायला लागल्या.

तेव्हा मैत्रीण माझ्याकडे वळली. आमच्या वावरात वरच्या अंगाला ज्वारीची एक पट्टी होती. पऱ्हाटीवर भरवसा उरला नाही म्हणून घरच्या भाकरीपुरती मी पेरली होती. उभी होती, कापायची होती. तिनं मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, तुह्यी ज्वारी दे, बायांले तिथं सरवा वेचू दे, त्या माह्यी कणसं टाकून देतीन.

मी म्हणाले, तुझा प्रयोग वाचवायला माझी भाकर? रिपोर्टात नाव कुणाचं येणार?

ती माझ्याजवळ सरकली. मग हळू म्हणाली, “तू माह्यावर जळतं, मले मालूम हाय. मी बी जळतो तुह्यावर. मागच्या महिन्यात तुमी सगळे तुह्या वावरात हुरडा खाऊन राहिले होते. मी धुऱ्यावरून गेली, तू बोलावलं, मी नाही आली. काहून येऊ? मले आता मरेपर्यंत कोनाले म्हनता येत नाही, की चाल, माह्या वावरात हुरडा खायले.”

माझा विश्वास बसला नाही. ज्याच्यासाठी टाळ्या वाजतात तो बोंडअळीवाल्यावर जळत नसतो, असं मला वाटलं, अजूनही अर्धं वाटतं. पण मी मागे वळून अंगणात पाहिलं, तर आत्या पोतं उचलून आपल्या खोलीत ठेवत होती. त्या पोत्यातली भाकर उद्या तिच्या ताटात आली असती. मी हो म्हणाले. पण हा होकार मैत्रिणीसाठी नव्हता, हे मी तिला तेव्हाच सांगितलं.

तरी प्रश्न सुटला नव्हता. आत्यानं आणखी एक अडचण काढली. उभ्या पिकातून वेचायचं नाही. उभ्या पिकात शिरणं म्हणजे चोरी, आणि मालकानं शीर म्हणणं म्हणजे भीक. आधी कापा, मग सुटलेलं आमचं.

म्हणजे आम्ही कापायचं, आणि कापताना भरपूर सुटू द्यायचं.

बाबा, मी आणि ती, तिघं विळे घेऊन पट्टीत उतरलो. बाया धुऱ्यावर बसून बघत होत्या. त्यांना सगळं कळत होतं आणि त्या तोंड फिरवून उगाच पिकापाण्याच्या गोष्टी करत होत्या. वाईट कापणी करणं किती अवघड असतं हे त्या दिवशी कळलं. बाबा तरुणपणी कापणीच्या टोळीत पुढच्या ओळीत असत. त्यांचा हात वाईट चालेचना. एक कणीस खाली टाकायचं तर ते आधी थांबायचे, आजूबाजूला पाहायचे, मग टाकायचे, जणू चोरी करताहेत. माझी मैत्रीण त्याहून नीट. तिची ओळ मागे वळून पाहिली तर एक कणीस पडलेलं नाही. मी ओरडले, अगं नीट नको कापू. ती म्हणाली, हात ऐकत नाही वं. धुऱ्यावरून आत्या म्हणाली, काय पोरी हाय, शिकल्या अन् हातचं बी गेलं. मला हसू आलं, तिलाही आलं, पण आम्ही एकमेकींकडे बघून हसलो नाही.

पट्टी संपली तेव्हा अर्धी ज्वारी जमिनीवर होती. बाया उठल्या. धुऱ्याशी मैत्रिणीची बैलगाडी उभी होती. प्रत्येकीनं आपलं टोपलं तिच्यात रिकामं केलं आणि मग आमच्या पट्टीत उतरली. आत्याचं पोतं सगळ्यात मोठं होतं.

एक जण टोपलं न घेताच आली. आम्हाला मोटारीवरून चिडवणारी हीच ती. तिनं त्याच दिवशी कणसं चोळून दळून टाकली होती. लेकरांनी गरम भाकर खाल्ली होती. सर म्हणाले, एका वेळेनं बहुतेक काही होत नाही. ‘बहुतेक’ हा शब्द तिनं नीट ऐकला. मैत्रीण तिला आणि तिच्या लेकरांना घेऊन अमरावतीला दवाखान्यात गेली, रक्त तपासून आणलं. डॉक्टर म्हणाले, सध्या घाबरायचं कारण नाही, लक्ष ठेवा. ती बाई अजून लक्ष ठेवते. मुलगा अभ्यासात एखादी गोष्ट विसरला की ती आमच्या दारात येऊन विचारते, हे त्याच्यानंच झालं असन काय? शेडवाल्याला कुणी विचारत नाही.

प्रयोग वाचला. आता शेवटची गाडी गेली की त्याच दिवशी तिथं वखर चालतो, वेचायला काही राहत नाही. त्या बदल्यात आमच्या वरच्या पट्टीत दरवर्षी ज्वारी असते. मैत्रीण त्या ज्वारीच्या बियाण्याचा भार उचलते, आणि आम्ही ती वाईट कापतो. सरांच्या अहवालात लिहिलं आहे की प्लॉटमधलं धान्य अन्नसाखळीत जाऊ नये याची यशस्वी व्यवस्था स्थानिक सहभागातून करण्यात आली. तिचं नाव आहे. स्थानिक सहभाग म्हणजे आम्ही. तो अहवाल वाचला तेव्हा मी जळले, आज हे लिहितानाही जळते आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या शिवारात शेडच्या, कारखान्याच्या, नाल्याच्या पाण्यानं नासलेलं एखादं वावर असेल, आणि तिथं कुणी इंधनाचं पीक घेत असेल, तर कापणीच्या आधी मजुरीच्या बायांच्या दारी स्वतः जा आणि तोंडानं सांगा की यंदा तिथं सरवा नाही. पत्रक चिकटवू नका. आणि ‘तिथं नाही तर मग कुठं?’ असं त्या विचारतील तेव्हा द्यायला उत्तर असू द्या. तुमचं वावर चांगलं असेल तर त्यातली एक पट्टी ठेवा, विळा हातात घ्या आणि यंदा ती वाईट कापा.